पुडीतली जुनी मशीन

१

टेकचंद कापगते गेल्याला सोळा दिवस झाले होते, तेव्हा चंद्रकांताला ती पुडी सापडली.

साकोलीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीखाली टेकचंदचं टेबल होतं. आठ वर्षांपूर्वीपर्यंत बसस्टँडसमोर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लोक मोबाईलमध्ये वेळ पाहायला लागले, दुकान बंद पडलं आणि टेकचंद राईस मिलमध्ये वजनकाट्यावर लागला. पण हाताला सवय होती. परदेशी कंपन्यांच्या महागड्या घड्याळांची नक्कल, ज्याला बाजारात फर्स्ट कॉपी म्हणतात, ती तो नागपूरहून आणायचा. दुकानदाराला दहा नग काढायला लावायचा, एकेक कानाशी धरायचा, भिंगातून कडा पाहायचा आणि त्यातलं एक घ्यायचा. घरी आणून उघडायचा. आतली मशीन बदलायचा, काच बदलायचा, काटे नीट बसवायचा. सगळ्यात शेवटी डायलवरचं कंपनीचं खोटं नाव काडीला कापूस गुंडाळून पुसून टाकायचा. विकायचा नाही. मिलच्या हमालांच्या, नात्यातल्या जावयांच्या मनगटावर अशी बिननावाची घड्याळं दिसायची.

हा छंदच त्याच्या अंगाशी आला.

कैलाश समरित गुरुजी हे गावातलं मोठं नाव. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलाने, अमरने, एकसष्टीला दुबईहून घड्याळ पाठवलं होतं. चार लाखांचं, असं सगळ्या साकोलीला माहीत होतं. फेब्रुवारीत शहापूरला एका लग्नात गुरुजींच्या भाच्याने ते हातात घेतलं आणि म्हणाला, हे कॉपी आहे. मांडवातली माणसं गुरुजींकडे पाहायला लागली. गुरुजी म्हणाले, "टेकचंदकडे दिलं होतं दुरुस्तीले."

एवढंच. पण ज्याच्या टेबलावर खोट्या घड्याळांचा ढीग, त्याच्याबद्दल आणखी काय सांगायला हवं होतं? आठ दिवसांत टेकचंद चोर झाला. मिलमालकाने त्याला काट्यावरून काढून झाडझुडीला लावलं. टेकचंद कुणाला काही बोलला नाही. तीस मार्चला सकाळी टेबलाशी बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

पुडी औषधाच्या पुडीसारखी घडी घातलेली होती. वर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: समरित गुरुजी, १७ जानेवारी. आत रुपयाएवढी गोल मशीन.

चंद्रकांताने ती पदरात बांधली आणि दोन गल्ल्या ओलांडून रुखमिणी गहाणेचं दार वाजवलं. रुखमिणी हवालदार म्हणून निवृत्त झाली होती. एकतीस वर्षांची नोकरी, बहुतेक चौकशीचीच.

"बाई, हे गुरुजीच्या घड्याळातलं आहे. त्यायनं काढून ठेवलं होतं."

"कोणाले दाखवलं?"

"नाही."

"चुलीत टाकलं असतं तं कोणाले समजलं नसतं."

"हाव. पण मले समजलं पाहिजे." चंद्रकांता उभीच होती. "ते चोर होते का नाही, एवढंच सांगा मले. चोर असले तं चोर म्हणून सांगा."

२

मनिष लांजेवारचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हायवेला लागून होतं. घड्याळाच्या नादापायी तो टेकचंदकडे दर रविवारी बसायचा. शहापूरच्या त्या लग्नानंतर मात्र त्याने ती गल्लीच सोडली होती.

रुखमिणीने पुडी काचेच्या काउंटरवर उघडली. मनिषने मशीन चिमट्याने उचलली, दिव्याखाली धरली आणि हसला. ते हसू फार वेळ टिकलं नाही.

"बाई, हे चिनी मशीन आहे. कॉपीतलीबी हलकी. हा पाहा, दातच तुटला आहे चाकाचा. थांबत असंल."

"चार लाखाच्या घड्याळात हे असू शकते?"

"कसं असंल?"

"मग टेकचंदच्या पुडीवर गुरुजीचं नाव काहून?"

मनिषने बाहेर पाहिलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तरी तो हळू बोलला.

"नवी मशीन मीच मागवून दिली होती काकाले. जपानी, चांगली. अन् काच. नागपूरहून बसने पार्सल आलं, सतरा जानेवारीले. कोणासाठी ते काकाने सांगतलं नाही. शहापूरचं ऐकलं तवा मले समजलं."

"अन् तू गप बसला."

"मले कोणी विचारलंच नाही."

"तो तुह्या पुढून मिलमध्ये झाडू माराले जात होता, मनिष."

"बोललो असतो तं दोघंबी चोर झालो असतो!" मनिषचा आवाज चढला. "सामान माह्या नावानं आलं. लोक म्हणले असते, खरी मशीन अन् खरी काच यायनं वाटून खाल्ली. आताबी म्हणतील. त्यायनं खरी काढली नसंल हे तुमाले तरी कसं माहीत? ही तुटकी भलत्याच घड्याळाची असंल, पुडीवर गुरुजीचं नाव टाकलं असंल."

रुखमिणीने पुडी बंद केली. पोराचं बोलणं नीच होतं, पण चुकीचं नव्हतं. ही पुडी लोकांपुढे ठेवली, तर टेकचंद सुटणार नव्हता. तो आणखी अडकणार होता. त्याने गुरुजींचं घड्याळ उघडून आतलं सगळं बदललं, याचा आता साक्षीदारही मिळाला होता.

३

गुरुजींचा भाचा प्रितम भंडाऱ्याला मोटारसायकलच्या शोरूममध्ये होता. रुखमिणी बसने गेली. तो तिला चहाच्या टपरीवर घेऊन आला. त्याच्या मनगटावर लठ्ठ, निळ्या डायलचं घड्याळ होतं.

"हेबी कॉपीच," तो आपणहून म्हणाला. "माह्यापाशी अकरा आहेत. शौक आहे. म्हणूनच समजलं ना त्या दिवशी."

"घड्याळ किती वेळ होतं तुझ्या हातात?"

"पाच मिनिटं."

"तुझ्याकडे अकरा. त्यातलंच एक मामाच्या हातात ठेवून खरं खिशात टाकाले पाच मिनिटं लय झाले."

प्रितमचा चहा कपातच राहिला. "पन्नास माणसं पाहून राहिले होते, बाई. मामा बाजूलेच बसले होते. अन् मले चोरायचं असतं तं मी बोंबलत कायले बसलो असतो?"

हे रुखमिणीला पटलंच होतं. तिला तो ढिला पडायला हवा होता.

"कसं ओळखलं कॉपी म्हणून?"

"वजनाने. अन् किल्ली फिरवली तं जपानी मशीनचा आवाज. पण खरं सांगू? काम एक नंबर होतं. काच पाहून मीबी पहिल्यांदा फसलो. त्या कंपनीच्या घड्याळात तारखेवर फुगीर भिंग असते, आकडा मोठा दिसते. हलक्या कॉपीत भिंग नुसतं नावाले. आकडा मुंगीएवढा राहते. याच्यात आकडा चांगला टपोरा होता. कोणीतरी लय मन लावून बनवलं होतं."

"मग पुढे काय झालं?"

"मी तं गाडी काढली होती. म्हटलं, मामा, चला आताच ठाण्यात, चार लाखाची चीज आहे. मामा म्हणाले, राहू दे, गरीब माणूस आहे. सगळे म्हणले, गुरुजीचं मन किती मोठं." तो थोडा थांबला. "माही चूक एवढीच झाली बाई, का मी मोठ्यानं बोललो."

परतीच्या बसमध्ये रुखमिणी खिडकीशी बसली. एकतीस वर्षांत तिने शेळी हरवलेली माणसं पाहिली होती, सायकल, पाण्याची पितळी गुंडी हरवलेली पाहिली होती. सगळी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. तक्रार नाही लिहिली तरी एकदा विचारायला यायची. चार लाखांचं घड्याळ गेलेला माणूस एकदाही आला नव्हता.

आणि दुसरी गोष्ट त्याहून साधी होती. नव्या घड्याळाला कंपनीची हमी असते. ते बंद पडलं तर माणूस नागपूरच्या दुकानात जातो. फुकटात दुरुस्त होणारं घड्याळ गुरुजींनी खोट्या घड्याळांत रमणाऱ्या टेकचंदकडे का दिलं?

ती साकोलीला उतरली आणि घरी न जाता सरळ गुरुजींच्या गल्लीकडे वळली.

४

गुरुजी घरी नव्हते. त्यांच्या बायकोने, ताराबाईंनी, तिला आत बसवलं. थंड पाणी आलं. समोरच्या भिंतीवर एकसष्टीचा फोटो होता. गळ्यात हार, कपाळावर कुंकू आणि घड्याळ नीट दिसावं म्हणून पुढे धरलेला डावा हात.

"कधीचा आहे जी हा?"

"डिसेंबरचा. तेवीस तारीख. त्याच दिवशी अमरचं पार्सल आलं."

रुखमिणी उठली. मोबाईल काढून तिने फोटोचा फोटो घेतला आणि मनगटावर बोटाने मोठा केला. काट्यांच्या उजवीकडे तारखेचं भिंग होतं. त्याच्या आत तेवीसचा आकडा इतका बारीक होता की तिला चष्मा कपाळावरून खाली ओढावा लागला.

मुंगीएवढा.

शहापूरच्या लग्नात तो टपोरा होता. म्हणजे टेकचंदच्या हातात येण्याआधी ती हलकी कॉपी होती. त्याच्या हातून गेल्यावर ती चांगली कॉपी झाली. चोर खऱ्याचं खोटं करतो. टेकचंदने पदरचं सामान घालून खोट्याचं बरं खोटं केलं होतं.

आता एकच प्रश्न उरला होता. गुरुजींना हे ठाऊक होतं का?

ताराबाई समोर बसून सुपारी कातरत होत्या. रुखमिणीने त्यांच्या डोळ्यांची चौकशी केली. मोतीबिंदू झाला होता असं ऐकलं होतं.

"संक्रांतीच्या आधी नागपूरले नेलं होतं यायनं तपासाले. मले दवाखान्यात बसवून दिलं अन् घड्याळ दाखवाले गेले. थांबत होतं ना ते."

"मग? काय म्हणले दुकानवाले?"

"दुकान बंद होतं म्हणे." ताराबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "उगाच चक्कर झाली. येताना बसमध्ये बोललेच नाहीत. घरी आल्यावर जेवलेबी नाही. घड्याळ हातातबी नव्हतं, खिशात होतं."

बोलता बोलता त्यांनी पानाच्या डब्यातून लवंगांची पिशवी काढली आणि रुखमिणीपुढे धरली. तोंड दाबून बंद करायची, तळहाताएवढी, जाड प्लास्टिकची पिशवी. तिच्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती.

"चांगली आहे पिशवी," रुखमिणी म्हणाली. "कुठली?"

"त्याच दिवशीची. यायच्या खिशात होती, घड्याळ त्याच्यात होतं. फेकून देत होते, मी लवंगाले ठेवून घेतली."

चिठ्ठीवर नागपूरच्या घड्याळाच्या दुकानाचा छाप होता. खाली पेनने नंबर टाकला होता, आणि तारीख: १२ जानेवारी.

दुकान बंद होतं, तर पिशवी कुणी दिली?

बाहेर फाटक वाजलं. चपला काढल्याचा आवाज आला आणि गुरुजी दारात उभे राहिले.

५

"रुखमिणीबाई! आज कसं काय येणं केलं?"

"टेकचंदच्या कामानं आली, गुरुजी."

ते खुर्चीत बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "गेलेल्या माणसाबद्दल मले काही बोलायचं नाही. मी त्याले माफ केलं आहे."

"बारा जानेवारीले नागपूरच्या दुकानात काय म्हणले तुमाले?"

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या लवंगांच्या पिशवीकडे. रुखमिणीने घाई केली नाही.

"त्या पोराने उघडलंबी नाही," शेवटी गुरुजी म्हणाले. "नुसतं हातात घेतलं. म्हणाला, सर, हे आमच्या कंपनीचं नाही. पिशवीत टाकलं अन् परत दिलं. माह्या मागं लाईन होती."

"अन् दुसऱ्या दिवशी टेकचंदकडे गेले."

"त्याले पाहताक्षणीच समजलं. काही बोलला नाही. म्हणाला, गुरुजी, चालू करून देतो, काचबी चांगली बसवून देतो, कोणाले ओळखू येणार नाही. डायलवरचं नाव पुसू का म्हणाला. मी नको म्हटलं. नावासाठीच तं सगळं होतं." गुरुजींनी टोपीची घडी मोडली, पुन्हा घातली. "मी त्याले शपथ घातली. माह्या अमरची. म्हटलं, माह्या पोराची शपथ आहे टेकचंद, बायकोलेबी सांगू नको."

ताराबाईंचा हात पिशवीवर तसाच राहिला.

"अमरले विचारलं?" रुखमिणी म्हणाली.

"काय विचारू? गावभर सांगून बसलो होतो. तिकडं नोकरी आहे का गेली, हेबी मले माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही."

"अन् शहापूरले?"

"पन्नास माणसं माह्याकडे पाहून राहिले होते. पोराने बापाले खोटं घड्याळ देलं, हे कसं म्हणू? तोंडातून टेकचंदचं नाव निघून गेलं. खोटं बोललो नाही मी. त्याच्याकडे देलं होतं, एवढंच म्हटलं. बाकी लोकायनं म्हटलं."

"तुमी छत्तीस वर्षं शिकवलं गुरुजी. एवढंच म्हटल्यानं काय होते, हे तुमाले कळत नव्हतं?"

उत्तर ताराबाईंनी दिलं, तेही रुखमिणीने न विचारलेल्या प्रश्नाचं.

"तो आला होता इथं." त्या नवऱ्याकडे न पाहता बोलत होत्या. "मार्च लागला होता. फाटकापाशी उभा राहिला. म्हणाला, गुरुजीले म्हणा, शपथ सोडवा. मले समजलंच नाही कायची शपथ. मी आत येऊन यायले सांगतलं. हे म्हणले, सांग झोपले आहेत म्हणून. मी तसंच सांगतलं. सकाळचे अकरा वाजले होते."

"मग?"

"त्यानं हात जोडले अन् गेला."

गुरुजी रडायला लागले. रुखमिणी उठून उभी राहिली. तिच्या नोकरीत रडणारी माणसं पुष्कळ झाली होती, आणि रडणं खरं असलं तरी त्याने काही फिटत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"हे मले सांगून उपयोग नाही. चार माणसांत सांगा. जिथं नाव गेलं तिथंच."

"सांगतो," गुरुजी म्हणाले. "अमरचं जे व्हायचं ते होवो. सांगतो."

६

त्यांनी शब्द पाळला. आठवडी बाजाराच्या दिवशी, बसस्टँडसमोरच्या हॉटेलात, जिथे टेकचंदचं नाव सगळ्यात जास्त वेळा घेतलं गेलं होतं, तिथे गुरुजी उभे राहिले. रुखमिणी आणि चंद्रकांता बाहेर लिंबाखाली थांबल्या होत्या. गुरुजींचा आवाज शाळेत असायचा तसाच खणखणीत लागला. घड्याळ पहिल्यापासून कॉपीच होतं. मुलानेच तसं पाठवलं होतं. मला माहीत होतं. टेकचंद निर्दोष होता, आणि मी त्याला मारलं.

हॉटेलात वीसपंचवीस लोक होते. मग मिलचा मालक भोजराज पुढे झाला आणि वाकून गुरुजींच्या पाया पडला.

"गुरुजी, तुमच्यासारखा माणूस नाही. मेलेल्याचं नाव खराब राहू नये म्हणून स्वतःवर घेतलं. पोरालेबी मधात आणलं."

"अरे, मी खरं सांगून राहिलो!"

"समजते आमाले, गुरुजी. बसा तुमी. पाणी द्या रे गुरुजीले."

रुखमिणी आत शिरली. तिने पुडी दाखवली, फोटो दाखवला, ताराबाईंकडून आणलेल्या पिशवीवरची तारीख वाचून दाखवली. लोकांनी ऐकून घेतलं. एकजण म्हणाला, बाई, तुमी त्या घरच्या बाजूच्या, तुमाले वाईट वाटणारच. मनिष कोपऱ्यात बसला होता. त्याने मोबाईल काढला आणि खाली पाहत राहिला.

संध्याकाळपर्यंत गावात एकच गोष्ट झाली. चोराच्या विधवेसाठी गुरुजींनी स्वतःची इज्जत पणाला लावली. गुरुजींनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी लोकांनी हात जोडले. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत. एक मेच्या झेंडावंदनाला शाळेने त्यांनाच बोलावलं आणि शाल दिली. त्यांनी ती घेतली.

त्या दिवशी रुखमिणी चंद्रकांताकडे गेली. टेबल खिडकीखालून हलवून भिंतीला लावलं होतं. चंद्रकांता तांदूळ निवडत होती.

"मी सोडणार नाही," रुखमिणी म्हणाली. "गुरुजीपासून लिहून घेतो. अमरले फोन लावतो."

"राहू द्या, बाई."

"काहून राहू द्या? तुमचा माणूस चोर नव्हता. सगळ्या गावाले दाखवून देतो."

चंद्रकांता सूप पाखडत राहिली. मग तिने ते खाली ठेवलं.

"गावाले काय म्हणू मी? गाव तं बाहेरचं आहे. शहापूरचं झाल्यापासून ते जाईपर्यंत, दोन वेळचं ताट वाढलं का मी एकच विचारत होती. कुठी ठेवलं? विकलं का? मले तरी सांगा, मी कोणाले सांगणार नाही. रोज. दोन्ही वेळा."

रुखमिणी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"एक दिवस तरी त्यायनं रागवायचं होतं," चंद्रकांता म्हणाली. "ताट सारून उठायचं होतं. नाही उठले. खाली मान घालून जेवत राहायचे अन् म्हणायचे, भाजी चांगली झाली आहे."